ए. जे. हिपकिन्स यांच्या साहाय्याने

१

इ. स. १८८४मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात एक निबंध प्रसिद्ध झाला. जगातील निरनिराळ्या समाजांत प्रत्यक्ष वापरात असलेल्या, परंतु युरोपीय स्वरशास्त्राच्या चौकटीत न बसणाऱ्या सप्तकांची मोजमापे त्यात दिली होती. लेखक म्हणून अलेक्झांडर जॉन एलिस यांचे नाव होते आणि त्याला जोडून आणखी एक उल्लेख होता : आल्फ्रेड जेम्स हिपकिन्स यांच्या साहाय्याने. यांपैकी पहिले नाव संगीतशास्त्राच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. दुसरे नाव लंडनमधील एका पियानोच्या पेढीत पियानो सुरात लावण्याचे काम शिकलेल्या, त्याच धंद्यात वाढलेल्या माणसाचे होते.

त्या एका उल्लेखाचा अर्थ लावणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. 'साहाय्य' हा शब्द विद्याव्यवहारात फार सैलपणे वापरला जातो. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात टंकलेखकापासून ग्रंथपालापर्यंत सर्वांचेच साहाय्य असते आणि वाचक ते पान उलटून पुढे जातो. येथे मात्र साहाय्य वजा केले तर निबंधच उरत नाही, अशी स्थिती आहे. मोजणारा एक आणि ऐकणारा दुसरा, अशी ही कामाची वाटणी होती. पुढे महाराष्ट्रात श्रुतींची चर्चा पेटली, तेव्हाही अशीच वाटणी झाली. म्हणून हा विषय केवळ इंग्लंडातील एका कारागिराच्या चरित्राचा राहत नाही, असे आम्हांस वाटते.

२

एलिस (१८१४–१८९०) हे मूळचे गणिती आणि ध्वनिशास्त्रज्ञ. इंग्रजीच्या जुन्या उच्चारांवरील त्यांचा अनेक भागांतील ग्रंथ भाषाभ्यासकांना ठाऊक आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांना ते आणखी एका वाटेने भेटतात. बर्नार्ड शॉ यांनी 'पिग्मॅलियन'ला जी प्रस्तावना जोडली, तिच्यात ध्वनिशास्त्रातील वडीलधारे म्हणून एलिस यांचा उल्लेख आहे. 'पिग्मॅलियन' म्हणजे पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'चे (१९७५) मूळ नाटक. उच्चारावरून माणसाचा ठावठिकाणा सांगणाऱ्या प्राध्यापकाची जी जात शॉ यांनी रंगवली, तिच्या आधीच्या पिढीतले हे गृहस्थ.

जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फोन हेल्महोल्ट्झ यांचा स्वरसंवेदनांवरील प्रसिद्ध ग्रंथ १८६३मध्ये निघाला. त्याचे इंग्रजी भाषांतर एलिस यांनी १८७५मध्ये प्रसिद्ध केले आणि १८८५च्या दुसऱ्या आवृत्तीला स्वतःची इतकी परिशिष्टे व टिपा जोडल्या, की ग्रंथाचा मोठा भाग भाषांतरकाराचाच झाला. स्वरांतील अंतर मोजण्याचे 'सेंट' हे एकक त्यांनी याच काळात रूढ केले. षड्जापासून तार षड्जापर्यंतच्या अंतराचे १२०० समान भाग करावयाचे. त्यातील एक भाग म्हणजे एक सेंट. पियानोवरील शेजारच्या दोन पट्ट्यांत, काळी-पांढरी असा भेद न करता, १०० सेंटांचे अंतर. आज तंबोरा लावताना कोणी मोबाइलवरील ट्यूनर उघडला, तर त्याचा काटा सेंटमध्येच हलतो.

इतक्या बारीक मापाचा हा जनक, पण त्याला स्वरांचा कान नव्हता, असे त्याच्याविषयी नेहमी सांगितले जाते. ध्वनीचे गणित त्याला येत होते, कंपनसंख्या काढता येत होत्या, ट्यूनिंग फोर्कचे संच त्याच्यापाशी होते. परंतु दोन स्वर एकमेकांत मिळाले की नाही, मिळाले नसतील तर कोणता चढा आणि कोणता उतरला, हा निर्णय द्यायला दुसऱ्याचा कान लागत होता. तो कान हिपकिन्स यांचा.

३

हिपकिन्स यांचा जन्म १८२६ सालचा, लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागातला. १८४०मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, ग्रेट पुल्टनी स्ट्रीटवरील ब्रॉडवुड या पियानोच्या पेढीत ते शिकाऊ ट्यूनर म्हणून लागले. १९०३मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पेढीशी त्यांचे नाते तुटले नाही. जवळजवळ त्रेसष्ट वर्षांचा हा काळ आहे. संगीताचे विद्यापीठीय शिक्षण त्यांना मिळाले नव्हते. जे काही शिकले ते वाद्यापाशी बसून.

ट्यूनरचे काम म्हणजे काय, हे आपल्याकडे पियानोपेक्षा पेटीवरून अधिक लवकर कळेल. पेटीची सुरी घासून स्वर चढवतात-उतरवतात. पियानोत तारेची खुंटी चावीने पिळतात. आजच्या पियानोला ८८ पट्ट्या आणि सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात. बहुतेक स्वरांना दोन किंवा तीन तारा, आणि त्या तिन्ही इतक्या एकजीव लावायच्या की एकच तार वाजल्यासारखे वाटावे. या सर्व तारांचा मिळून ताण सुमारे १८ ते २० टन भरतो. लाकूड, लोखंड, हवेतला ओलावा यांचे या ताणाशी सतत भांडण चालू असते. म्हणून लावलेला पियानो लावलेला राहत नाही. ट्यूनर दार बंद करून बाहेर पडतो, त्या क्षणापासून त्याचे काम पुसले जाऊ लागते.

दोन तारा किंचित वेगळ्या लागल्या असतील तर एकत्र वाजवताना आवाज लाटेसारखा लहान-मोठा होतो. या लाटांना पदार्थविज्ञानात विस्पंद म्हणतात. लाटा जितक्या जलद, तितका फरक अधिक. लाट थांबली की स्वर मिळाला. ट्यूनर स्वर ऐकतो, असे आपण म्हणतो. पण खरे पाहता तो ऐकतो त्या लाटा, आणि त्या मोजतोसुद्धा. सर्व पंचम लाट थांबेपर्यंत शुद्ध लावले तर मात्र पियानो बिघडतो, आणि ते कसे, हे समजल्याशिवाय हिपकिन्स यांच्या तरुणपणातील मोठी घटना समजणार नाही.

४

षड्ज-पंचम भावाने एकामागून एक स्वर काढत गेलो, तर बारा पायऱ्यांनंतर पुन्हा षड्जापाशी पोहोचायला हवे. प्रत्यक्षात आपण षड्जाच्या थोडे वर पोहोचतो. ही चूक कोणाच्या कानाची नाही. ती अंकगणितातच आहे. बारा शुद्ध पंचमांची बेरीज सात सप्तकांपेक्षा सुमारे २४ सेंटांनी जास्त भरते. गळ्याला किंवा सारंगीला हा प्रश्न पडत नाही, कारण तेथे स्वर प्रत्येक वेळी नव्याने जन्मतो. ज्या वाद्याच्या पट्ट्या ठरलेल्या आहेत, त्याला मात्र हे जास्तीचे २४ सेंट कोठेतरी ठेवावेच लागतात. कोठे ठेवायचे, याचीच उत्तरे म्हणजे युरोपातील निरनिराळ्या स्वरलावण्या.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इंग्लंडात 'मीनटोन' नावाची जुनी पद्धत बरीच टिकून होती. तीत नेहमीच्या वापरातील गंधार शुद्ध किंवा जवळजवळ शुद्ध लागत, आणि त्याची किंमत काही थोड्या स्वरजोड्यांनी मोजायची. या जोड्या इतक्या बेसूर असत की त्यांच्या आवाजाला लांडग्याच्या ओरडण्याची उपमा दिली जाई. संगीतकाराने त्या बाजूला फिरकायचे नाही, एवढेच पथ्य. नवे संगीत मात्र सर्व बाजूंना फिरू लागले होते. १८४६मध्ये ब्रॉडवुड पेढीने आपले पियानो समविभागी सप्तकात, म्हणजे बाराही अर्धस्वर सारखे ठेवून, लावण्याचे धोरण स्वीकारले. पेढीतील ट्यूनरांना या नव्या पद्धतीकडे वळवण्याच्या कामात ज्याचा मोठा वाटा होता, तो हिपकिन्स त्या वेळी वीस वर्षांचा होता.

या बदलात ट्यूनरच्या हाताला काय करावे लागले असेल, याचा विचार करण्यासारखा आहे. समविभागी पद्धतीत प्रत्येक पंचम शुद्ध पंचमापेक्षा सुमारे दोन सेंटांनी उतरलेला ठेवायचा. २२० कंपनसंख्येचा स्वर धरला, तर त्याचा शुद्ध पंचम ३३० असेल. समविभागी पंचम सुमारे ३२९.६ येतो, आणि दोन्ही एकत्र वाजवल्यावर चार सेकंदांत साधारण तीन लाटा ऐकू येतात. म्हणजे लाट थांबवायला शिकलेल्या कारागिराने आता ती थांबण्याच्या जरा अलीकडे हात आवरायचा आणि हा आवरलेपणा बाराही पंचमांत सारखा राखायचा. गंधाराची गोष्ट याहून अवघड. आपल्या तंबोऱ्यातून उमटणारा स्वयंभू गंधार षड्जापासून सुमारे ३८६ सेंटांवर असतो. समविभागी गंधार ४००वर. चौदा सेंटांनी चढलेला हा गंधार ट्यूनरने चढलेला आहे हे जाणून लावायचा असतो. कोणत्याही एका स्वरजोडीला लांडग्याच्या तोंडी न देता थोडे थोडे बेसूरपण सर्वांना वाटून देणे, असा हा हिशेब आहे.

हा बदल लादला गेला की स्वागतार्ह होता, यावर युरोपात आजही वाद आहे. आम्हांला येथे एवढेच नोंदवायचे आहे, की संगीताच्या इतिहासग्रंथांत हे संक्रमण संगीतकारांच्या नावाने सांगितले जाते, आणि ते घडले मात्र कारखान्यात, पगारी माणसांच्या कानांची सवय मोडून नवी सवय लावण्यातून.

५

१८४८च्या एप्रिलमध्ये फ्रेदेरिक शोपँ लंडनला आला. पॅरिसमध्ये क्रांती झाली होती, शिकवण्या बंद पडल्या होत्या आणि क्षयासारख्या दुखण्याने त्याला पोखरले होते. लंडनमध्ये त्याने खाजगी बैठकी केल्या, स्कॉटलंडचा दौरा केला आणि १६ नोव्हेंबरला गिल्डहॉलमध्ये तो अखेरचा जाहीर वाजवला. पुढच्या वर्षी तो गेला. या मुक्कामात त्याला ब्रॉडवुडने पियानो पुरवले. ते लावणाऱ्यांत बावीस वर्षांचा हिपकिन्स होता आणि शोपँचे वादन त्याने जवळून ऐकले.

या ऐकण्याच्या नोंदी त्याने आपल्या वह्यांत ठेवल्या. त्यांवरून त्याची मुलगी एडिथ हिपकिन्स हिने १९३७मध्ये, शोपँ कसा वाजवत असे, या विषयावर एक छोटे पुस्तक काढले. शोपँच्या वादनाविषयी रसिकांनी आणि शिष्यांनी पुष्कळ लिहिले आहे, आणि त्यातील बराच भाग चंद्रप्रकाश, अश्रू व स्वप्ने यांनी भरलेला आहे. ट्यूनरची नजर वेगळ्या ठिकाणी पडते. कोपरे अंगाजवळ धरलेली असत, बाहूंचे वजन पट्ट्यांवर न टाकता केवळ बोटांनी स्वर काढला जाई. मोठ्या आवाजातही खडखडाट नसे. एकच रचना तो दर वेळी मनःस्थितीप्रमाणे निराळी वाजवी. अशा प्रकारच्या गोष्टी हिपकिन्स यांनी टिपल्या आहेत. तारेवर किती जोर पडला आणि तो कोठून आला, हे पाहणे हा त्यांच्या व्यवसायाचा भाग होता. वादनशैलीचा इतिहास लिहिणाऱ्यांना आज याच कोरड्या नोंदी अधिक उपयोगी पडतात.

येथे पुराव्याची एक मौज आहे. ब्रॉडवुड पेढीचे दप्तर सरे परगण्याच्या अभिलेखागारात जपलेले आहे. कोणता पियानो कोणत्या दिवशी कोणाच्या घरी पोहोचवला, हे हमालांच्या नोंदवह्यांतून कळते. पेढीच्या अशाच नोंदींच्या आधारे शोपँने वापरलेला १७०४७ क्रमांकाचा पियानो ओळखला गेला आणि तो सरेमधील हॅचलँड्स पार्क येथील कॉब संग्रहात आहे. पियानो उरला, तो वाहून नेल्याची नोंद उरली. त्या संध्याकाळी तो कसा लावला होता, हे मात्र उरले नाही आणि उरणे शक्यही नव्हते. इतिहासाच्या साधनांत हमालाच्या कामाचा पुरावा राहतो, आणि ज्याच्या कामाशिवाय मैफल झालीच नसती त्या ट्यूनरचा राहत नाही, ही स्थिती कोणाच्या दुष्टाव्यातून आलेली नाही. त्या कामाचा स्वभावच तसा आहे.

६

एलिस आणि हिपकिन्स यांची जोडी जमली ती या पार्श्वभूमीवर. हेल्महोल्ट्झच्या ग्रंथाच्या परिशिष्टात एलिस यांनी एक तक्ता दिला आहे. समविभागी सप्तक कागदावर कसे असायला हवे, ते एका स्तंभात; आणि प्रत्यक्ष लंडनच्या ट्यूनरांनी लावलेल्या वाद्यांत ते कसे निघाले, ते पुढील स्तंभांत. ब्रॉडवुडच्या एका नेहमीच्या ट्यूनरने लावलेला पियानो त्यात आहे. हिपकिन्स यांच्या सौजन्याने तपासणीसाठी मिळालेले, पेढीतील उत्तम ट्यूनरांनी लावलेले पियानो आहेत. आकडे पाहिले तर कोणाचेही सप्तक कागदाबरहुकूम नाही. प्रत्येकाचा स्वर कोठे ना कोठे काही सेंटांनी हललेला आहे, आणि तरी ही सर्व वाद्ये उत्तम लागलेली समजली जात होती.

या तक्त्याचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. माणसाचा हात यंत्राइतका अचूक नसतो, हा त्यातला सोपा अर्थ. दुसरा असा, की समविभागी सप्तक ही एक कल्पना आहे आणि प्रत्यक्षात प्रत्येक ट्यूनरचे स्वतःचे सप्तक असते. एलिस पुढे ज्या दिशेने गेले ती पाहता दुसरा अर्थ त्यांच्या मनात मुरत असावा, असे आम्हांस वाटते. कारण युरोपातच जर सप्तक असे हातागणिक बदलते, तर ते निसर्गाने घालून दिलेले आहे हा दावा किती टिकणार?

त्या दशकात लंडनमध्ये पूर्वेकडील संगीत ऐकण्याच्या संधी वाढल्या होत्या. १८८२मध्ये जावाचा गामेलान वाद्यवृंद आला होता. नंतरच्या प्रदर्शनांतून चिनी, सयामी व जपानी वादक आले. एलिस आणि हिपकिन्स या मंडळींची वाद्ये तपासत. पद्धत अशी : वाद्याचा स्वर काढायचा, ज्ञात कंपनसंख्येचा ट्यूनिंग फोर्क त्याच्याजवळ वाजवायचा, आणि दोहोंतील लाटा मोजून वाद्याच्या स्वराची कंपनसंख्या ठरवायची. पियानो लावताना जे कौशल्य लागते तेच येथे लागत होते, फक्त हेतू उलटा होता. ट्यूनर लाटा मोजतो ते स्वर हलवण्यासाठी. येथे स्वर जसा आहे तसा राहू देऊन लाटा मोजायच्या होत्या. वर्षानुवर्षे बेसूर दिसला की दुरुस्त करण्याची सवय लागलेल्या माणसाने सयामच्या किंवा जावाच्या वाद्याला बेसूर न म्हणता त्याचे स्वर नुसते ऐकून सांगणे, ही लहान गोष्ट नव्हे. हिपकिन्स यांच्या कानाची खरी थोरवी आम्हांला येथे दिसते.

भारतीय सप्तकांसाठी त्यांना मदत झाली राजा रामपाल सिंह यांची. हे अवधमधील कालाकांकरचे. 'हिंदोस्थान' हे वृत्तपत्र त्यांनी १८८३मध्ये लंडनहून सुरू केले. पुढे ते कालाकांकरहून निघू लागले आणि मदनमोहन मालवीय त्याचे संपादक झाले. हिंदी पत्रकारितेच्या इतिहासात या पत्राला स्थान आहे. हे राजेसाहेब सतार वाजवत असत. सतारीचे पडदे हलते असल्याने निरनिराळ्या थाटांसाठी ते सरकवून स्वर जुळवायचे आणि दुसऱ्या दोघांनी ते मोजायचे, असे हे काम झाले.

१८८५मध्ये एलिस यांनी लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सपुढे या सर्व मोजमापांचा निष्कर्ष मांडला. संगीताचे सप्तक एक नाही, ते निसर्गदत्त नाही, ध्वनीच्या नियमांतून ते आपोआप निघतही नाही. सप्तके अनेक आहेत आणि ती माणसांनी घडवलेली आहेत, असा त्याचा सारांश. तुलनात्मक संगीतशास्त्र नावाची जी विद्याशाखा पुढे उभी राहिली, तिचा आरंभ बहुधा या व्याख्यानापासून सांगितला जातो. साम्राज्य ऐन भरात असताना, त्याच्या राजधानीत, आमचे सप्तक म्हणजे निसर्ग आणि इतरांचे म्हणजे विकृती ही समजूत आकड्यांनी खोडून काढली गेली, आणि त्या आकड्यांची साक्ष पियानो लावणाऱ्या एका माणसाच्या कानाने दिली होती.

७

यानंतर पंचवीस वर्षांनी सांगलीत काय झाले ते पाहावे. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. भरत आणि शार्ङ्गदेव यांनी सांगितलेल्या बावीस श्रुती प्रत्यक्ष गायनात आहेत, आणि त्या गणिताने दाखवता येतात, असा त्यांचा पक्ष. त्यांचे बावीस श्रुतींवरील इंग्रजी पुस्तक १९१०मध्ये पुण्याहून निघाले. या कामात त्यांना किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांची साथ लाभली. खाँसाहेबांनी गाऊन स्वर दाखवायचा, देवलांनी तो तारेवर पकडून गुणोत्तरे मांडायची. नंतर अर्नेस्ट क्लेमंट्स हे सनदी अधिकारी या कार्यात आले, पाश्चिमात्य पेटीत न मावणाऱ्या स्वरांसाठी श्रुतींची पेटी तयार झाली, आणि १९१६च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत या प्रश्नावर वाद झाला. विष्णू नारायण भातखंडे यांना श्रुतींचे हे गणित मान्य नव्हते.

लंडनशी साम्य उघड आहे. येथेही ज्याच्यापाशी कान होता तो ग्रंथ लिहीत नव्हता, आणि जो लिहीत होता त्याला दुसऱ्याच्या कानावर विसंबावे लागत होते. फरकही ध्यानात घ्यावा लागतो. देवलांना आधी ग्रंथातील बावीस संख्या मान्य होती आणि तिचा पुरावा गळ्यात शोधायचा होता. एलिस आणि हिपकिन्स मिळतील ते स्वर मोजत गेले आणि संख्येविषयीचा आग्रह शेवटी सोडून देण्यापर्यंत पोहोचले. आम्ही देवलांच्या प्रयत्नाला कमी लेखत नाही. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाने हे मोजमाप अंगावर घेतले, हेच विशेष. परंतु ऐकणाऱ्याला आपल्या सिद्धान्ताचा साक्षीदार मानणे आणि त्याला शोधातील भागीदार मानणे, यांत अंतर पडते.

पेटीचे पुढे काय झाले, ते सर्वांना ठाऊक आहे. तिचे स्वर समविभागी, म्हणून आपल्या संगीताला अपायकारक, या आक्षेपाखाली ऑल इंडिया रेडिओने १९४०मध्ये तिच्यावर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ साल उजाडले. या तीन दशकांच्या वादात गायक बोलले, शास्त्रकार बोलले, अधिकारी बोलले. सुऱ्या घासून पेट्या लावणाऱ्या कारागिरांना कोणी विचारले असेल, असे त्या चर्चेवरून दिसत नाही. प्रत्यक्षात पेटी कोणत्या सप्तकात लागते, मागणीनुसार गंधार किती उतरवून देता येतो, हे त्यांच्याइतके कोणाला सांगता आले असते?

८

हिपकिन्स यांचे नशीब या दृष्टीने बरेच उजवे म्हणायचे. ग्रोव्ह यांच्या संगीतकोशासाठी त्यांनी शंभरावर नोंदी लिहिल्या. १८८८मध्ये विल्यम गिब यांच्या रंगीत चित्रांसह त्यांचा दुर्मीळ वाद्यांवरील ग्रंथ निघाला. १८९६मध्ये पियानोच्या रचनेचा व इतिहासाचा ग्रंथ. पियानोने मागे टाकलेली क्लॅव्हिकॉर्ड आणि हार्पसिकॉर्ड ही वाद्ये ते स्वतः श्रोत्यांपुढे वाजवून दाखवीत, त्या काळी असे करणारे फार थोडे होते. मुलीने रंगवलेले त्यांचे व्यक्तिचित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. चौदाव्या वर्षी चावी हातात घेतलेल्या मुलाची ही वाटचाल कोणालाही अभिमान वाटावा अशी आहे.

तरीही चरित्रकोशांत त्यांची ओळख वाचताना एक गोष्ट जाणवते. त्यांचे ग्रंथ, त्यांच्या नोंदी, त्यांचे संग्रह यांची यादी येते आणि ट्यूनरचा धंदा हा जणू या विद्वत्तेकडे जाण्याचा जिना होता, वर पोहोचल्यावर मागे राहिलेला, असा सूर लागतो. आम्हांला हे मान्य होत नाही. हिपकिन्स यांची विद्वत्ता ही त्यांच्या धंद्याचीच पुढची पायरी होती. शोपँचे कोपर त्यांना दिसले ते ट्यूनर म्हणून. जावाच्या वाद्यातील लाटा त्यांनी मोजल्या त्या ट्यूनर म्हणून. पंचम किंचित उतरवून बाराही घरे राहती करण्याची शिस्त ज्याने चार-पाच दशके पाळली, त्याला सप्तक माणसे घडवतात हे सिद्धान्त म्हणून शिकावे लागत नाही. त्याने ते रोज सकाळी हाताने घडवलेले असते.

एलिस यांनी ही गोष्ट ओळखली आणि ती निबंधाच्या शीर्षकापाशी छापली, हे त्यांचे मोठेपण. एकोणिसाव्या शतकातील रॉयल सोसायटीच्या प्रकाशनात एका पियानोवाल्याचे नाव लेखकाच्या जोडीला येणे सोपे नव्हते. आपल्या विद्यापीठांतून लोकगीते, बोली, कारागिरी यांवर जे प्रबंध होतात, त्यांत माहिती देणाऱ्यांची नावे बहुतेक वेळा परिशिष्टातील यादीत, वय आणि गाव यांसह येतात. त्यांतील कितींनी केवळ माहिती दिली आणि कितींनी प्रत्यक्ष विचार पुरवला, हे त्या याद्यांवरून कळण्याचा मार्ग नाही. मुखपृष्ठावरील 'साहाय्याने' हा शब्द निदान एवढे तरी सांगतो, की येथे थांबून चौकशी करावी.

आणि तरी हिपकिन्स यांच्यापाशी थांबून भागत नाही. एलिस यांच्या त्या तक्त्यात ब्रॉडवुडचे उत्तम ट्यूनर आहेत. प्रत्येकाचा स्वतंत्र स्तंभ आहे, प्रत्येकाने लावलेल्या प्रत्येक स्वराचे सेंट दिलेले आहेत. कोणाचा मध्यम किती चढला, कोणाचा निषाद किती उतरला, हे आज सव्वाशेहून अधिक वर्षांनी आपण वाचू शकतो. त्यांचे हात आकड्यांच्या रूपाने तेथे आहेत. नावे नाहीत, स्तंभांना फक्त क्रमांक आहेत.